डॉक्टरीणबाईंचा डावा पाय

आमच्या डॉक्टरीणबाईंनी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. मी पांढरकवड्याला त्यांच्याकडे कंपाउंडर होतो, पुड्या बांधायला आणि बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवायला. त्यामुळे त्यांचा राग मी जितक्या जवळून पाहिला, तितका त्यांच्या सख्ख्या भावानंही पाहिला नसेल. इतर माणसं रागावतात, आरडाओरडा करतात आणि संध्याकाळी विसरून जातात. बाई ओरडत नसत. कुणी लागट बोललं की चष्मा अंगठ्यानं वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "असू द्या. सवडीनं बघू." आणि ती सवड त्यांना कधी ना कधी मिळायचीच.

अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताच्या. पांढरं सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. चहा बिनदुधाचा, काळाकुट्ट, त्यात एक लवंग. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं यावर गावात दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्ष माझ्याकडून माहिती काढायला टपलेले असत. मला माहीत नव्हतं आणि विचारायची छातीही नव्हती. अमरावतीकडून आल्या, पोस्टाच्या रस्त्यावर भाड्यानं घर घेतलं, पुढच्या खोलीत दवाखाना थाटला आणि मागे बाळंतिणींसाठी खाटा टाकल्या, एवढीच त्यांची कुंडली गावाकडे होती.

त्यांचा राग कसा मुरत असे याचा एक नमुना सांगतो. गावातले एक कापडाचे व्यापारी होते, मोठे तालेवार. शाळेच्या बक्षीस समारंभात बाई पाहुण्या म्हणून बसल्या असताना त्यांनी सगळ्यांसमोर "ह्या आपल्या गावच्या दाई" अशी ओळख करून दिली आणि आपल्याच विनोदावर पोट हलवून हसले. परत येताना बाई मला म्हणाल्या, "दाई म्हणण्यात वाईट काही नाही, वामनराव. चांगल्या दाया माझ्यापेक्षा हुशार असतात. पण त्यांनी ते चांगल्या अर्थानं म्हटलं नव्हतं." बस, विषय संपला. पुढे केव्हातरी, मी तर पार विसरून गेल्यावर, त्या शेटजींच्या मानेवर हे एवढं गळू झालं. आले मान वाकडी करून. बाईंनी त्यांना अदबीनं बसवलं, पण बसवलं ते बायकांच्या बाकावर. पोटुशा बायकांच्या मधोमध. "आम्हा दायांकडे नंबर असा महिन्यांवर लागतो," त्या म्हणाल्या, "ज्यांचे दिवस भरत आलेत त्या आधी. तुमचा कितवा?" दुपार कलेपर्यंत ते तिथे बसले होते. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस दारातून डोकावत होता. मग बाईंनी त्यांचं गळू असं सुरेख कापलं की व्रणसुद्धा राहिला नाही. कापण्यात त्यांनी कधी सूड मिसळला नाही. तो वेगळा काढून ठेवलेला असे.

आता मोटारीचं सांगायचं तर आधी बापूसाहेब सांगितले पाहिजेत. आमच्या दवाखान्यासमोरच त्यांचं दुमजली घर. जिनिंगचा कारखाना, राळेगावच्या वाटेवर नजर पुरणार नाही इतकी शेती, आणि जिभेला हाड नाही. माणूस तसा दिलदार म्हणून नावाजलेला, पण त्यांची दिलदारी चारचौघांत असायची आणि चेष्टाही चारचौघांतच. त्यांनी नवी जीप घेतली आणि जुनी काळी विलायती मोटार विकायला काढली.

बाईंना मोटार हवीच होती. खेड्यापाड्यातून बोलावणं आलं की त्या दमणीतून जात. बैल ते बैलच, ते आपल्याच चालीनं चालणार. बाई पोचेपर्यंत पुष्कळदा सगळं आटोपलेलं असे. म्हणून त्यांनी ती मोटार घेतली. बापूसाहेबांच्या किसननं ती चालवून दाखवली. किसन हा त्यांचा मूळचा गाडीवान. बैलगाडी हाकता हाकता मालकानं त्याला मोटारीवर बसवला होता. अंगानं रेड्यासारखा, मांडीवर लाकूड फोडावं असा. त्याच्या हातात गाडी पाण्यासारखी चालली.

बाई त्याच्याकडूनच गुरांच्या बाजाराच्या मैदानात मोटार शिकल्या. चाक, ब्रेक, गिअर, सगळं पटापट आलं. अडायचं ते क्लचपाशी. क्लचचं पायडल इतकं घट्ट, की ते खाली जाताना बाई अख्ख्या सीटवरून पुढे घसरायच्या. दोन्ही हातांनी चाकाला ओढ घेऊन, दात आवळून त्या ते दाबायच्या आणि सोडलं की ते परत वर यायलाही कुरकुरायचं. मैदानाच्या कडेला बसून बघणाऱ्यांची चंगळ झाली.

या दुखण्याचं निदान गावातल्या प्रत्येकानं केलं आणि ते एकच होतं. बाईच्या पायात जोर नाही. करीम मिस्तरीला बोलावलं, तो ट्रकांची कामं करायचा. त्यानं आपला पाय घालून एकदा पायडल दाबलं आणि हात पुसले. "बाईजी, गाडीमें कुछ नहीं है. गाडी मर्दानी है, पैर जनाना है." मला वाटलं, आता मिस्तरीचं नाव मनात टिपलं गेलं. ते गेलंच. पण नवल असं, की बाईंनी त्याचं म्हणणं खरंही मानलं.

याचा मला अजूनही राग येतो. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तिनं हे मात्र ऐकलं. रोज सकाळी डाव्या पायाला वाळूची पिशवी बांधून त्या खुर्चीवर बसत आणि पाय वरखाली करत. पोटरीला सूज यायची. आमची आया संध्याकाळी गरम तेल चोळायची आणि बापूसाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मग यमुना गेली.

राळेगावच्या वाटेवर, नाल्यापलीकडे, बापूसाहेबांच्या शेतांना लागून एक वस्ती होती. छप्पन साली त्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. घराघरांवर निळं निशाण, आणि समोर एक लहानसं, पांढरं रंगवलेलं विहार. बापूसाहेब मात्र तिला अजून जुन्याच नावानं ओळखत. यमुना तिथली, श्रावणची बायको. वेचणीच्या दिवसांत बापूसाहेबांच्याच शेतात कापूस वेचायची. वेचता वेचता कळा लागल्या आणि आदल्या संध्याकाळपासून अडली होती. श्रावण सकाळी सायकल मारत आला. बाईंनी पिशवी उचलली, मला मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

वाटेत पायडल जितक्या वेळा दाबावं लागलं तितक्या वेळा बाईंचा पाय थरथरताना मी मागून पाहत होतो. नाल्याच्या उताराला पायात गोळा आला. गाडी रेतीत उतरली आणि बंद पडली. इंजिन परत सुरू व्हायचं, पण क्लच पुरता दबेना आणि पहिला गिअर पडेना, नुसता दाताखाली खडा आल्यासारखा आवाज. मी खाली वाकून दोन्ही हातांनी पायडल रेटलं. ते अर्ध्यात जाऊन अडलं. बाईंनी बूट काढले, पिशवी डोक्यावर घेतली आणि आम्ही काळ्या ढेकळांतून धावत सुटलो. पोचलो तेव्हा मूल गेलेलं होतं आणि यमुनेच्या अंगातलं रक्त संपत आलं होतं. बाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दुपारी ती गेली.

श्रावण दाराशी उभा होता. रडत नव्हता. त्यानं विचारलं, "बाई, मोटर नाल्यात अडकली नसती त वाचली असती का थे?"

दुसरा कुणीही डॉक्टर म्हणाला असता की नाही रे बाबा, देवाची मर्जी. बाई म्हणाल्या, "हो."

नाल्यातली मोटार त्यानंच बैल जुंपून बाहेर काढून दिली.

त्याच आठवड्याच्या बाजारात, पानाच्या ठेल्यापाशी भरल्या घोळक्यात बापूसाहेब बोलले. मी तिथेच चुना मागत उभा होतो. "मोटर माह्यी सोन्यासारखी हाय हो. थे बाई काय चालवन? पायात जोर लागते! उगीच एक बाई मारली बिचारीनं." लोक हसले. ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात फिरून आमच्या बाकावर येऊन बसलं. दोन गरोदर बायका दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. मी ते बाईंना सांगणार नव्हतो, पण आयेनं सांगितलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. या वेळी त्या 'सवडीनं' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "वामनराव, मला त्यांचा सूड घ्यायचाय. पण आधी मला माझा पाय तपासायचा आहे."

दवाखान्यात पेशंटला उभं करून वजन करायचा काटा होता. तो त्यांनी भिंतीला टेकवून आडवा धरायला लावला, समोर खुर्ची ठेवली, आणि मोटारीत बसल्यासारखं बसून डाव्या पायानं रेटला. काटा फिरला. मग मला बसवलं. माझा काटा त्यांच्या अलीकडेच थांबला. मग बाहेरून पोस्टमनला बोलावलं, जो दिवसभर सायकल हाणायचा. तो त्यांच्या बरोबरीनं आला. वाळूच्या पिशव्यांनी पाय केव्हाच तयार झाला होता आणि पायडल होतं तिथंच होतं. बाई काट्याकडे बघत राहिल्या. "पाय निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "महिनोन्‌महिने मी चुकीच्या पेशंटला औषध दिलं."

रविवारी दवाखाना बंद ठेवून मोटार अंगणात लिंबाखाली घेतली. पायाखालची चटई आणि लाकडी फळी काढली. खाली पायडल एका आडव्या दांड्यावर बसवलेलं दिसलं. त्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक लांब सळई, ती मागे गिअरच्या पेटीकडे जाऊन तिथला एक खटका ओढणारी. बाई पालथ्या पडून बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोट दुखतंय म्हणणाऱ्याचं दुखणं नेमकं कुठं आहे हे कसं बघतो आपण? एकेक जागा दाबून. ही सळई सोडवा." मी सळईची खीळ काढली. आता पायडलचा मागच्या यंत्राशी काही संबंध उरला नव्हता. पायडल मोकळं झुलायला हवं होतं. बाईंनी हातानं दाबलं. ढिम्म. दोन्ही हातांनी दाबलं तेव्हा कुठे कुरकुरत खाली गेलं आणि तिथंच राहिलं. मग त्यांनी मागचा खटका पान्यानं ओढून पाहिला. तो स्प्रिंगच्या जोरानं नीट जात होता आणि नीट परत येत होता. म्हणजे मागे सगळं ठणठणीत, आणि रोग इथेच, पायडलच्या दांड्यात.

दांडा निघेना. त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी, चकचकीत काहीतरी थापल्यासारखं बसलं होतं, खिडकीला जुना रंग लागावा तसं. नखानं निघेना, घासलेटनं भिजेना. बाईंनी स्पिरिटचा दिवा लावून त्याला धग दिली. ते मऊ व्हायला लागलं आणि अंगणात एक वास पसरला. बाई शिंकल्या. "हे काय आहे? कसला वास हा?"

मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या घरी याच तेलाच्या फोडण्यांवर मी वाढलो. "जवस, बाई. जवसाचं तेल."

किसनला बोलावलं. तो मोटारीचं उघडं पोट बघून आधी हळहळला. मग बाईंनी विचारलं तसं त्यानं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी आपन बैलाचे खांदे शेकतो ना बाई, तूप-हयद लावतो? गाडीच्या कन्याले ओंगन घालतो? मालकीनबाई म्हने, मोटर बी वर्षभर राबते, तिले काहून नाही? मंग म्या तिले बी घालत जाओ. जवसाचं तेल, त्यात काजयी. पायडलले, दाराले, जिथं जिथं हालते तिथं. दर पोळ्याले."

"आणि पायडल जड व्हायला लागलं तेव्हा?"

"तवा अजून जास्त घातलं."

बाई खाली बसल्या आणि हसल्या. मोकळ्या मनानं हसल्या. बैलगाडीचं चाक रोज फिरतं, त्याच्या कण्यातलं ओंगण, म्हणजे वंगण, चार दिवसांत संपतं आणि नवं घालतात. मोटारीच्या दांड्यात ते तसंच राहून वाळलं, वर्षावर्षाचा थर थरावर चढला आणि त्याचा डिंक झाला. जितकी सेवा, तितका आजार. किसनवर त्या रागावल्या नाहीत. पण तो उठता उठता जे बोलला त्यानं त्यांचं हसू थांबलं. "म्या मालकाले सांगतलं होतं बाई, पायडल लय जड झालं म्हून. तं मालक म्हने, राहू दे, इकून टाकू. डाक्टरीनबाईले काय समजते?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. गाडी विकताना माहीत होतं आणि पानाच्या ठेल्यावर हसतानाही.

दुसऱ्या दिवशी धग देऊन, घासलेट पाजून, लाकडी ठोकळ्यानं ठोकत ठोकत आम्ही तो दांडा बाहेर काढला. काचकागदानं घासून लख्ख केला. दांडा ज्यात फिरतो ते एक बूश पार झिजलं होतं, ते पितळेचं नवं करून आणायला मी करीम मिस्तरीकडे गेलो. खरं ग्रीस भरलं, सगळं पुन्हा जोडलं, पायडलला वर बोटभर ढिलाई ठेवली. मग बाईंनी मिस्तरीला बोलावून घेतलं. "करीमभाई, पाय नको. करंगळीनं दाबा." त्यानं करंगळी लावली. पायडल खाली गेलं. "बोला," बाई म्हणाल्या, "मर्दानी आहे का जनानी?" मिस्तरीनं कान पकडले. एवढ्यावर त्याचा हिशेब मिटला, आणि पुढे तो बाईंची गाडी स्वतःच्या लेकीसारखी बघायचा.

मला वाटलं, आता बाई ही गोष्ट गावभर करतील. त्यांनी आम्हा तिघांकडून, म्हणजे किसन, मिस्तरी आणि मी, शपथा घेतल्या की कुणालाही सांगायचं नाही. आणि रोज सकाळी बापूसाहेब ओट्यावर दात घासत बसलेले असताना त्या मोटारीत बसायच्या आणि चाकाला लटकून, तोंड वाकडं करून, घामाघूम झाल्याचं सोंग करून पायडल दाबायच्या. बापूसाहेब ओट्यावरून सल्ला द्यायचे. "बाई, दूध-तूप खात जा!" बाई मान डोलवायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या, "हसू द्या हो. त्यांचं हसू मला पुरतं पिकलेलं हवंय."

ते पिकलं होळीच्या सुमाराला. बापूसाहेबांची सून दिवस भरत आलेले असताना हट्टानं शेतावरच्या बंगलीत राहायला गेली होती आणि तिथेच कळा सुरू झाल्या. मुलगा जीप घेऊन नागपूरला गेलेला. शेतावरून गडी धावत आला आणि भर दुपारी बापूसाहेब डोक्याला टोपी न घालता आमच्या दारात. "बाई, चला. मूल पायायू हाय म्हन्ते थे दाई."

बाई उठल्या. त्यांनी बापूसाहेबांना पुढे शेजारी बसवलं, मला मागे. गावातून गाडी अशी सुटली की ते डाव्या बाजूला दार धरून बसले. नाल्याचा उतार उतरून गाडी रेतीत आली आणि बाईंनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. दुपारची ती शांतता मला अजून ऐकू येते.

"काय झालं? बंद पडली?"

"बंद पडली नाही. मी केली."

"बाई, सून तडफडून राह्यली तिकडं!"

"इथंच पलीकडे आणखी एक बाई तडफडत होती. तिचं नाव सांगा."

"कोन बाई?"

"तुमच्या शेतात वेचायला यायची ती. जिच्या मरणावर तुम्ही बाजारात हसलात."

"म्या तुमच्यावर हासलो बाई. तिच्यावर कायले हासू?"

"नाव सांगा."

बापूसाहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. "वेचायले ढीगभर बाया येतेत," ते म्हणाले. "मले कोनाकोनाचं नाव ठाऊक राहीन?"

"यमुना. श्रावणची यमुना. म्हणा."

"यमुना," ते पुटपुटले.

"कुणाची?"

"श्रावनची यमुना." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सुनेसाठी असेल. "पाया पडतो बाई, चाला आता."

"आता वाका. हे पायडल हातानं दाबा."

ते वाकले. पायडल त्यांच्या तळव्याखाली अलगद खाली गेलं. ते तसेच वाकलेले राहिले.

"किसननं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं," खालूनच आवाज आला.

बाईंनी गाडी सुरू केली. त्या दुपारी त्यांनी त्या पायाळू पोरीला ज्या हातांनी या जगात आणलं ते हात मी दिव्याचा उजेड धरून पाहिले. मायलेकी दोघी वाचल्या. परतताना मी विचारलंच, "बाई, थांबायला खरंच वेळ होता?"

"पहिलटकरीण आहे. कळा नुकत्या लागलेल्या. वेळ होता." नाला मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "नसता तर मी थांबले नसते." आणखी बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बहुतेक."

त्यांनी केलं ते बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही. पण मी यमुनेचं घर पाहिलं होतं, आणि त्या दुपारी मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

बापूसाहेबांनी गावात काही कबूल केलं नाही. चेष्टा तेवढी बंद केली. चांदीची समई आणि लुगडं पाठवलं, ते बाईंनी आल्या पावली परत धाडलं. सुनेनं विचारलं, "बाई, मंग तुमाले देऊ तरी काय?" बाई म्हणाल्या, "काही नको. पोरीचं नाव मी ठेवते."

बारशाला अख्खं गाव लोटलं होतं. आत्याच्या जागी बाई बसल्या. पांढऱ्या पातळात, कॅनव्हासचे बूट दाराशी काढून. पाळण्यात वाकून त्यांनी पोरीच्या कानात कुर्र केलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत आवाजात म्हणाल्या, "यमुना." बायका म्हणाल्या, किती छान, नदीचं नाव, पवित्र नाव. बापूसाहेब दारात विड्यांचं तबक घेऊन उभे होते. ते तबक त्यांच्या हातात हळूहळू तिरकं होत गेलं आणि विडे खाली पडले. ते काय बोलणार होते? नाव नको म्हणायचं तर काहून ते सांगावं लागलं असतं. बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि घुगऱ्या खायला बसल्या.

बापूसाहेबांनी घरात तिला बेबी म्हणून पाहिलं, छकुली म्हणून पाहिलं. पण सून ऐकेना. ज्या बाईनं जीव वाचवला तिनं ठेवलेलं नाव, ते कसं बदलायचं? आणि पोरगी पायांवर उभी राहिल्यावर ती आईवरताण निघाली. यमुना म्हटल्याशिवाय वळूनसुद्धा बघत नसे.

पुढे मला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. निघालो त्या संध्याकाळी बाईंनीच मोटारीतून मला स्टँडवर सोडायचं ठरवलं. ट्रंक मागे टाकली, गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि समोरच रस्त्याच्या मधोमध ती पोर एका शेळीच्या पिलाच्या मागे धावत होती. ओट्यावर बापूसाहेब बसले होते, काठी टेकून, बरेच खंगलेले. त्यांनी आमची मोटार पाहिली. पाहून गप्प बसले. पण पोर रस्त्यातून हलेना.

"यमुना," ते म्हणाले. मग जोरानं, "ए यमुना, घरी ये माय!"

बाईंनी मोटार थांबवली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"बाई, माझी बस जाईल," मी म्हटलं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. नजर समोर, हात चाकावर. "अजून एकदा हाक मारू द्या त्यांना."